कॅमेऱ्याची रिचार्जेबल बॅटरी खरंच किती चालते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लग्नाचे फोटो काढतो आणि उरलेल्या दिवसांत कॅमेरे, लेन्स, फ्लॅश भाड्याने देतो. त्यामुळे माझ्या हाताखालून स्वतःच्याच नव्हे, चार लोकांनी वापरलेल्या बॅटऱ्याही जातात. प्रत्येकीवर मार्करने नाव घातलेलं आहे आणि प्रत्येकीची नोंद एका दोनशे पानी वहीत आहे. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकत्र केले. 'पेन्सिल सेल' म्हटलं की डबल-ए आकाराचा निकेल-मेटल हायड्राइड सेल समजा, आणि 'पॅक' म्हटलं की कॅमेऱ्याची चपटी लिथियम-आयन बॅटरी.

१. बॅटरीवर एमएएचचा (मिलीअँपिअर-तास, म्हणजे छापील क्षमतेचा) आकडा जास्त म्हणजे फोटो जास्त, असंच ना?

एकाच प्रकारच्या, एकाच व्होल्टेजच्या आणि आकडा खरा छापलेल्या दोन बॅटऱ्या असतील तर हो. एरवी नाही. २००० एमएएचचा पेन्सिल सेल आणि १०२० एमएएचचा सोनीचा एनपी-एफडब्ल्यू५० पॅक शेजारी ठेवले तर सेल दुप्पट वाटतो. पण सेल १.२ व्होल्टचा आणि पॅक ७.२ व्होल्टचा. एमएएचला व्होल्टने गुणून हजाराने भागा, वॉट-तास, म्हणजे साठलेली एकूण ऊर्जा मिळते: सेलचे २.४, पॅकचे ७.३. असे चार सेल मिळून ९.६. सोनीच्याच एनपी-एफझेड१००चे १६.४. तुलना करायची तर या आकड्यांची करा. बहुतेक पॅकवर बारीक अक्षरात ते छापलेलेच असतात, भिंग घ्यावं लागतं एवढंच.

दुसरी गोष्ट, छापील क्षमता सावकाश मोजलेली असते. प्रमाण पद्धतीत साधारण पाच तासांत बॅटरी रिकामी होईल इतकाच प्रवाह घेतात. २००० एमएएचच्या सेलसाठी तो ४०० मिलीअँपिअर होतो. फ्लॅश चार्ज होताना त्याच सेलमधून कित्येक अँपिअर ओढतो, आणि तिथे हिशेब बदलतो (प्रश्न ५).

२. माहितीपत्रकात ५०० फोटो लिहिलेत. मला ११०० मिळाले, मित्राला त्याच कॅमेऱ्यावर २८०. खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. तो आकडा जपानच्या 'सिपा' या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या चाचणीतून येतो. खोलीचं तापमान २३ अंशांच्या आसपास, दर ३० सेकंदांना एक फोटो, अंगचा फ्लॅश असेल तर एक सोडून एक फोटोला पूर्ण फ्लॅश, आणि दर दहा फोटोंनी कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू. असं कोण फोटो काढतं? कोणीच नाही. पण सगळ्या कंपन्या तीच चाचणी करतात, म्हणून दोन कॅमेऱ्यांची तुलना करायला तो आकडा चांगला.

कॅनन १५००डीचे ५०० आणि निकॉन डी३५००चे १५५० याच पद्धतीचे. तुम्ही फ्लॅश न उघडता आरशाच्या व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहायच्या खिडकीतून) धडाधड काढले असतील, म्हणून ११००. मित्राने प्रत्येक फोटोनंतर मागच्या पडद्यावर झूम करून नवरीचे डोळे मिटलेत का ते पाहिलं असेल. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, पडदा किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सतत जळत असतो, तिथे फोटोंच्या संख्येपेक्षा कॅमेरा किती वेळ चालू होता हे महत्त्वाचं. सोनी ए७-३चे पडद्यावर ७१०, व्ह्यूफाइंडरमधून ६१०, म्हणजे डोळा लावल्यावर जास्त खर्च. पुष्कळांचा समज नेमका उलट असतो.

३. मग घरच्या घरी खरी क्षमता मोजायची कशी?

पेन्सिल सेलसाठी, क्षमता मोजणारा चार्जर घ्या. प्रत्येक सेलला स्वतंत्र खाच आणि छोटा पडदा असलेला. सेल पूर्ण भरायचा, तासभर थंड होऊ द्यायचा, मग चार्जरलाच तो रिकामा करायला सांगायचं. किती एमएएच बाहेर आले ते पडद्यावर येतं. भरताना आत गेलेला आकडा लिहू नका, तो नेहमी मोठा असतो, कारण काही वीज उष्णतेत जाते. लोक तोच आकडा पाहून 'माझा २००० चा सेल २३०० देतो' म्हणून खूश होतात.

पॅकसाठी मी व्हिडिओ लावतो. पूर्ण भरलेला पॅक, लेन्सला झाकण, ऑटोफोकस बंद, वायफाय बंद, पडद्याचा उजेड मधोमध, फुल एचडी. कॅमेरा टेबलावर ठेवायचा आणि बंद पडेपर्यंत चालू द्यायचा. काही कॅमेरे अर्ध्या तासाला रेकॉर्डिंग थांबवतात, तेव्हा लगेच पुन्हा बटण दाबायचं. एकूण मिनिटं वहीत. फोरके लावू नका, कॅमेरा तापून बंद पडला तर तो आकडा बॅटरीचा राहत नाही.

माझ्या वहीतली एक ओळ: 'ब२, नवीन, ११२ मिनिटं'. तिच्याखाली दोन वर्षांनंतरची: 'ब२, ८१ मिनिटं'. म्हणजे पॅक ७२ टक्क्यांवर आला. ११२ हा आकडा तुमच्या काहीच उपयोगाचा नाही, तुमचा कॅमेरा वेगळा. पण ११२ आणि ८१ मधलं अंतर मला छापील आकड्याने कधीच सांगितलं नसतं. म्हणून नवीन बॅटरी घरी आली की पहिल्याच आठवड्यात ही चाचणी करून तारीख घाला. त्यावेळी आळस केला तर दोन वर्षांनी तुलना करायला काहीच उरत नाही, आणि मग 'पूर्वी जास्त चालायची हो' एवढंच म्हणत बसायचं.

४. नवे सेल पहिल्या चाचणीत १७०० च दाखवतात. परत करू का?

थांबा. निकेल सेल दुकानात बराच काळ पडून असेल तर पहिल्या भरण्यात पूर्ण जागा होत नाही. दोन-तीनदा भरून-उतरवून पुन्हा मोजा. तरी छापील किमान क्षमतेच्या दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर जरूर परत करा. लिथियम पॅकला असलं काही लागत नाही. 'पहिल्यांदा आठ तास चार्ज करा' हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातून घरोघरी उरला आहे.

५. मल्टिमीटरवर सेल १.३ व्होल्ट दाखवतो. म्हणजे ठणठणीत ना?

हीच चूक मी सांगलीकडच्या एका लग्नात केली आहे. आदल्या रात्री चारही सेल मीटरवर तपासले, १.३१ ते १.३३. सकाळी फ्लॅशमध्ये घातले. विधींचे फोटो बरे आले. शेवटची मंगलाष्टकं सुरू झाली, एक फोटो, दुसरा फोटो, आणि फ्लॅशचा तयार असल्याचा दिवा लागेचना. आठ सेकंद, नऊ सेकंद. तेवढ्यात 'सावधान', अंतरपाट खाली, अक्षता हवेत, आणि माझा फ्लॅश मुका. त्या क्षणाचा फोटो अल्बममध्ये आहे, पण तो मुलाच्या आतेभावाच्या मोबाइलमधला.

झालं काय होतं? बिनकामाचा बसलेला सेल चांगलं व्होल्टेज दाखवतोच. वय झालं की सेलचा अंतर्गत रोध वाढतो. रिमोटसारखं हलकं काम तो करतो, पण जोरात वीज मागितली की व्होल्टेज आतल्या आत पडतं. शिवाय निकेल सेलचं व्होल्टेज जवळजवळ सपाट उतरतं. ८० टक्के भरलेला आणि ३० टक्के भरलेला यांत मीटरवर फार थोडा फरक दिसतो.

खरी परीक्षा फ्लॅशनेच घ्या. पूर्ण ताकदीवर लावा, एक उडवा, दिवा परत लागेपर्यंत मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजा. सेकंदभर दम घेऊ द्या आणि असं दहादा करा. लागोपाठ जास्त उडवू नका, फ्लॅशची नळी तापते. माझ्या फ्लॅशला नव्या सेलवर तीन-साडेतीन सेकंद लागतात. पाचच्या वर गेलेला संच मी लग्नाला नेत नाही, घड्याळात आणि रिमोटमध्ये टाकतो. तिथे तो अजून दोन वर्षं सुखाने जगतो.

६. अल्कलाइन १.५ व्होल्टचा, रिचार्जेबल १.२ चा. मग कॅमेऱ्यात अल्कलाइन जास्त चालायला नको का?

कागदावर चालायला हवा. पण अल्कलाइनचं १.५ फक्त सुरुवातीचं असतं, कॅमेऱ्याने ओढलं की ते भराभर खाली येतं. निकेल सेल मात्र बहुतेक आयुष्य १.२ च्या आसपास काढतो. कॅमेरा ठरावीक व्होल्टेजखाली गेला की 'बॅटरी संपली' म्हणतो, त्यावेळी अल्कलाइनच्या पोटात अजून बरीच वीज शिल्लक असते. म्हणूनच तो 'संपलेला' सेल भिंतीवरच्या घड्याळात आणखी सहा महिने चालतो.

७. चारपैकी एकच सेल खराब आहे. तेवढा बदलला तर?

नका. चार सेल एकामागे एक जोडलेले असतात, सगळ्यांतून तोच प्रवाह जातो. सगळ्यात अशक्त आधी रिकामा होतो आणि बाकीचे तिघे त्याच्यातून वीज ढकलत राहतात, त्यामुळे त्याचे ध्रुव उलटतात. असं दोन-चारदा झालं की तो कायमचा गेला. नवा सेल घातला तर आता जुने तिघे अशक्त. माझे संच ठरलेले आहेत: अ१ ते अ४ एकत्र भरायचे, एकत्र वापरायचे, आणि क्षमतेत शंभर-दीडशे एमएएचपेक्षा जास्त फरक पडला की संच मोडून सारख्यांना सारखे जोडायचे. भाड्याने गेलेला संच परत येतो तेव्हा पहिलं काम सेलवरची अक्षरं वाचण्याचं. एकदा तीन 'अ' आणि एक अनोळखी असं परत आलं होतं.

८. भरून ठेवलेले सेल महिन्याभराने रिकामे कसे?

जुन्या पद्धतीचे निकेल सेल नुसते पडून महिन्यात २०-३० टक्के गमावतात. सान्योने नोव्हेंबर २००५ मध्ये 'एनलूप' आणला तेव्हापासून ही कटकट बरीच संपली. ते सेल भरलेलेच विकले जात आणि वर्षभराने बहुतांश वीज टिकून असे. आता हे नाव पॅनासॉनिककडे आहे. तशा तऱ्हेचे, म्हणजे पडून कमी उतरणारे सेल इतर कंपन्यांचेही मिळतात. एनलूपचा २००० चा सेल आणि जास्त क्षमतेचा 'प्रो' यांत मी २००० चाच घेतो. प्रोमध्ये क्षमता वाढली की भरण्या-उतरण्याच्या फेऱ्या बऱ्याच कमी होतात.

तुमचे सेल कुठल्या जातीचे हे पाहायचं तर भरून महिनाभर ड्रॉवरमध्ये ठेवा आणि पुन्हा न भरता थेट रिकामे करून मोजा (कृती प्रश्न ३ मध्ये).

९. ऑनलाइन ३५०० एमएएचचे पेन्सिल सेल निम्म्या किमतीत आहेत. घेऊ?

पेन्सिल सेलच्या नळीत किती माल मावतो याला मर्यादा आहे. चांगल्यातल्या चांगल्या कंपन्या २५०० ते २७०० पर्यंत पोहोचतात. त्यापुढचा आकडा छापखान्यात तयार होतो. वजनकाटा असेल तर सेल वजन करून पाहा: अस्सल २००० चा सेल २६-२७ ग्रॅमच्या आसपास भरतो. १८-२० भरला तर आत काय आहे ते समजून घ्या.

पॅकच्या बाबतीत मी 'ओरिजनलच घ्या' असं डोळे मिटून म्हणत नाही. बाहेरच्या काही कंपन्यांचे पॅक चांगले निघालेत. पण माझ्या छोट्या कॅमेऱ्याची ओरिजनल १०४० एमएएचची बॅटरी व्हिडिओवर ९४ मिनिटं चालली आणि १३०० छापलेली बाजारातली ७१. साधं त्रैराशिक मांडा, ती १३०० वाली ८०० च्या आतच येते. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. वेष्टनावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो सुरक्षिततेचा दाखला आहे, क्षमतेचा नव्हे. पण तोही नसेल तर पुढे वाचायचीच गरज नाही.

१०. पडद्यावर ४० टक्के होते आणि कॅमेरा एकदम बंद. असं का?

तीन शक्यता. पॅक म्हातारा झालाय आणि जोर पडला की व्होल्टेज कोसळतं (प्रश्न ५ मधलंच कारण). किंवा बाहेरच्या पॅकमधली चिप कॅमेऱ्याशी नीट बोलत नाही आणि टक्के अंदाजाने दाखवले जातात. किंवा थंडी (प्रश्न १२). आधी तोच पॅक पूर्ण भरून एकदा सलग संपवा, काही पॅकचा हिशेब एवढ्यानेच ताळ्यावर येतो. सुधारला नाही तर त्याच्या टक्क्यांवर भरवसा ठेवून कामाला जाऊ नका.

११. कॅमेऱ्याच्या मेनूमध्येच बॅटरीचं वय दिसतं. ते पुरेसं नाही का?

निकॉन ० ते ४ असं वय दाखवतो, ४ म्हणजे बदला. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तीन हिरव्या पट्ट्या असतात, एकच लाल उरली की संपलं. जुना पॅक विकत घेताना हे जरूर पाहा. पण तीन आणि दोन पट्ट्यांमध्ये किती मिनिटं गेली हे कॅमेरा सांगत नाही. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात तर असलं काहीच नसतं.

१२. स्पितीला जातोय. थंडीत बॅटरी किती टिकेल?

बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ० ते ४० अंश ही मर्यादा दिलेली असते. शून्याखाली कॅमेरा चालतो, पण बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि अर्धी भरलेली बॅटरी रिकामी असल्याचं दाखवते. ती मेलेली नसते. आतल्या खिशात, अंगाच्या उबेला वीस मिनिटं ठेवा, बरीचशी परत येते. दोन पॅक असतील तर एक कॅमेऱ्यात, एक बगलेत, आलटून पालटून. घरी नीट चालणारा पण वयाने उतरलेला पॅक थंडीत सगळ्यात आधी दगा देतो, म्हणून वहीत ८० टक्क्यांहून जास्त असलेले पॅकच बरोबर न्या.

एक सक्त सूचना: रात्री गारठलेला पॅक तसाच चार्जरला लावू नका. शून्याखाली भरलं तर आत लिथियमचा थर जमतो आणि क्षमता कायमची जाते. खोलीच्या उबेला येऊ द्या, मग लावा.

१३. आणि ताडोबाच्या मे महिन्यात?

उन्हाळ्यात उलटं होतं. त्या दिवशी बॅटरी उत्तम चालते, आयुष्य मात्र आतून झिजतं. पूर्ण भरलेला पॅक आणि बंद गाडीतली उष्णता ही सगळ्यात वाईट जोडी. सकाळच्या आणि दुपारच्या सफारीमध्ये बॅग गाडीत ठेवून जेवायला जाणारे मी नेहमी पाहतो. बॅटऱ्यांची पिशवी तरी बरोबर घ्या.

१४. मेमरी इफेक्ट (अर्धवट वापरून भरत राहिल्याने क्षमता घटणं) होऊ नये म्हणून पूर्ण संपवूनच चार्ज करावी का?

लिथियम पॅकला नको, उलट तळाला नेणं त्याला सोसत नाही. निकेल सेल नेहमी थोडेच वापरून भरत असाल तर तीन-चार महिन्यांतून एकदा चार्जरवर उतरवून भरा. बस.

१५. वर्षभर कॅमेरा कपाटात राहणार आहे. बॅटरी कशी ठेवू?

कॅमेऱ्यातून काढून, साधारण निम्मी भरून, थंड कोरड्या जागी. सहा महिन्यांनी एकदा पाहा. तळाला गेलेला पॅक तसाच पडला तर चार्जर त्याला ओळखतसुद्धा नाही. कोकणात पावसाळ्यात हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी हवीच, नाहीतर टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो.

१६. आताच भरलेले सेल घातले, तरी जुना कॅमेरा 'बॅटरी बदला' म्हणतो. सेल तर चाचणीत १९०० देतात!

मग सेलला सोडा, कॅमेऱ्याकडे वळा. आधी मेनूत सेलचा प्रकार 'अल्कलाइन' वर आहे का पाहा. तसं असेल तर कॅमेरा १.२ व्होल्टलाच घाबरतो. मग झाकणातली पत्री आणि सेलची टोकं साध्या खोडरबराने घासा, चुरा झटका आणि कोरड्या कापडाने पुसा. माझ्याकडे 'मेलेला' म्हणून आलेला एक छोटा कॅमेरा पाच रुपयांच्या खोडरबराने जिवंत झाला.

१७. यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल कसे?

आत लिथियमचा ३.७ व्होल्टचा छोटा सेल आणि व्होल्टेज १.५ वर धरून ठेवणारं सर्किट. त्यामुळे त्यांची क्षमता एमएएचमध्ये नव्हे, वॉट-तासांतच वाचा (प्रश्न १). साध्या कॅमेऱ्याला चालतात. फ्लॅशला मी वापरत नाही. एकदम जोराची ओढ बसली की काहींचं सर्किट बंद पडतं. शिवाय शेवटपर्यंत १.५ दाखवतात आणि क्षणात शून्य. फ्लॅश मंदावतोय अशी सूचनाच मिळत नाही. प्रश्न ३ मधल्या चार्जरमध्ये ते चुकूनही घालू नका.

१८. पॅक थोडा फुगलाय पण चालतोय. वापरू का?

नाही. आज नीट बसतोय, उद्या कॅमेऱ्यातच अडकेल आणि काढताना टोचला तर पेट घेऊ शकतो. टोकांना चिकटपट्टी लावा, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा केंद्रात द्या. बॅटऱ्यांच्या कचऱ्यासाठी २०२२ चे नियम आहेत आणि जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

१९. विमानात किती बॅटऱ्या नेता येतात?

सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच, चेक-इन बॅगेत अजिबात नाही. १०० वॉट-तासांपर्यंतच्या सर्वसाधारण चालतात, बहुतेक कॅमेऱ्यांचा पॅक त्याच्या पाव भागसुद्धा भरत नाही. १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते. संख्येची अट एअरलाइनप्रमाणे बदलते, तिकीट काढताना वाचा. प्रत्येक पॅकला त्याची प्लॅस्टिकची टोपी घाला. टोपी हरवली असेल तर टोकांवर चिकटपट्टी. मी टोपीची बाजू उलटसुलट करून भरलेला आणि रिकामा ओळखतो; सुरक्षा तपासणीत सगळे टेबलावर ओतले गेले तरी परत लावताना घोळ होत नाही.